लाल रेघेमागचे वाक्य



इंग्रजीच्या अध्यापनाविषयी दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस होते. दरबारातली ती भाषा आज आपल्या सतवासच्या मुलांस नोकरीच्या अर्जात लिहावी लागते, आणि एक वाक्य चुकले की मूल बुजते.

आमचीच चूक सांगतो. एका मुलीने निबंधात लिहिले, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' आम्ही 'सिन्स'वर लाल रेघ ओढली, वर 'फॉर' लिहिले आणि वही परत केली. पुढच्या निबंधात तिने तीनच वाक्ये लिहिली. तिन्ही बिनचूक, आणि तिन्ही पाठ्यपुस्तकातली!

मग तिला जवळ बसवून विचारले, "बेटी, हे मनात कसे म्हटलेस?" ती म्हणाली, "पाँच साल से." आमच्या उर्दू घरातही हेच म्हणतात, मराठी घरातले मूल 'पाच वर्षांपासून' म्हणते. आपल्या 'से'ला आणि 'पासून'ला काळाचा आरंभही चालतो आणि काळाची लांबीही चालते. इंग्रजीत आरंभास 'सिन्स' आणि लांबीस 'फॉर' लागतो. शिवाय क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग' असे हवे होते. घाईत ते आमच्याही नजरेतून सुटले होते.

परीक्षेचेही तसेच. आपण परीक्षा देतो, इम्तिहान देतो; इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. 'गिव्ह' लिहिले की तो बिचारा परीक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसतो! 'डिस्कस'पुढचा जादा 'अबाउट'ही आपल्या 'विषयी'तूनच येतो. ही मुले अडाणी नव्हेत. ती घरच्या भाषेशी इमान राखून लिहितात.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती पद्धत जुनी झाली म्हणतात, म्हणोत. दोन भाषांतली वाक्ये शेजारी मांडण्याची रीत आम्हांस सोडवत नाही. आता चुकलेल्या वाक्याशेजारी मुलाने समासात आपल्या बोलीतले वाक्य लिहावयाचे, दोन्ही ताडून पाहावयाची आणि दुरुस्ती स्वतःच करावयाची, असा आमच्या वर्गाचा शिरस्ता आहे. वेळ फार जातो. वह्यांचा गठ्ठा घरी येतो आणि घरची मंडळी रागावतात.

त्या मुलीने परवा वडिलांच्या सोयाबीनच्या शेतावर दीड पान लिहिले. अकरा चुका होत्या. आम्ही दोनच धरल्या.