महाडचे तळे व अमेरिकेतील मोटारतळ

महाडच्या सान्निध्यात, सावित्री नदीच्या काठी, सव नावाचे एक लहानसे गाव आहे. भूमीच्या पोटातून तेथे ऊन पाण्याचे झरे वर येतात. त्याच सावित्रीच्या खोऱ्यात, महाड शहरातील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली मनुष्यांना मार खावा लागला. ही हकीकत महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांना सामान्यतः ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने आपल्या कृष्णवर्णीय नागरिकांना हक्क दिले, हेही सर्वांस ठाऊक असते. परंतु या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्याचा प्रघात नाही. तसे पाहिल्यास 'हक्क दिले' हा शब्दप्रयोगच शंकास्पद वाटू लागतो.

प्रथम महाडचा क्रम ध्यानात घ्यावा. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा वगैरे ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांना मज्जाव असू नये. ठराव संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले असल्याचे ठरविले. म्हणजे हक्क तर मिळालेला होता. तरी तीन वर्षांत त्या तळ्याच्या पायऱ्या कोणी उतरला नाही. उतरण्याची कोणाची छाती झाली नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या मंडपातून निघाले, हजारो माणसे त्यांच्या मागोमाग चालली, आणि त्या दिवशी तो ठराव कागदावरून पाण्यात उतरला. पुढे काय झाले? हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठविण्यात आली व परतीच्या तयारीतील, जेवणाऱ्या मंडळींवर लाठ्या चालल्या. तळ्याची पंचगव्याने 'शुद्धी' झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आला आणि बाबासाहेबांनी तो पाळला. अनादिकाळची वहिवाट प्रतिपक्षास सिद्ध करता आली नाही, असा अखेरचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ च्या मार्चमध्ये दिला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे लोटली.

आता अमेरिकेकडे वळावे. महायुद्धात १० लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिकांनी त्या देशाच्या लष्करात चाकरी केली. परंतु त्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. वंशश्रेष्ठत्वाच्या हिटलरी तत्त्वज्ञानाविरुद्ध लढणाऱ्या सैन्यातच वंशावरून पंक्तिभेद होता. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ च्या जुलैमध्ये लष्करातील समान वागणुकीचा आदेश काढला. त्यामागे न्यायबुद्धी नव्हती असे नाही, पण दुसरेही एक कारण होते. रशियाशी शीतयुद्ध जुंपले होते. आशिया व आफ्रिकेतील नवस्वतंत्र राष्ट्रे कोणत्या गोटात जातील, याचा घोर वॉशिंग्टनला लागला होता. घरातील वर्णभेदामुळे परदेशांशी असलेल्या संबंधांना बाध येतो, असे परराष्ट्र खात्याच्या वतीने डीन अ‍ॅचिसन यांनी १९४६ सालीच लेखी कळविले होते. शाळांतील वर्णभेदाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९५२ च्या डिसेंबरात सरकारने जे निवेदन दाखल केले, त्यातही हाच मुद्दा होता. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश वॉरन यांनी एकमताचा निर्णय जाहीर केला, की वेगळ्या शाळा म्हणजेच असमान शाळा. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने ही वार्ता तातडीने नाना भाषांतून जगभर पोचविली. ही घाई बोलकी आहे!

या काळजीचा अनुभव भारतासही आला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये भारताचे राजदूत गगनविहारी मेहता टेक्सासमधील ह्यूस्टन विमानतळाच्या उपाहारगृहात बसले असता, त्यांना कृष्णवर्णीय अमेरिकन समजून तेथून उठविण्यात आले. ते राजदूत आहेत असे कळताच धावपळ उडाली व परराष्ट्रमंत्री डलेस यांनी दिलगिरी प्रदर्शित केली. दिलगिरी झाली ती राजदूताची. त्याच दिवशी त्याच दारातून जो स्थानिक रहिवासी परतविला गेला असेल, त्यास कोणी तार पाठविली नाही. पुढे १९६१ साली मेरीलँडमधील हमरस्त्यावरील उपाहारगृहांनी आफ्रिकी राजदूतांना असेच नाकारले, तेव्हा केनेडी यांच्या सरकारला उपाहारगृहांच्या मालकांची मनधरणी करण्यासाठी माणसे नेमावी लागली.

तथापि परराष्ट्रनीतीचा हा तराजू एकाच बाजूला झुकत नसे. जगाला दाखविण्यासाठी सुधारणा हवी होती, म्हणूनच जगापुढे तक्रार मांडणारा मनुष्य नकोसा झाला होता. थोर गायक पॉल रोबसन यांचे पारपत्र १९५० साली रद्द झाले व आठ वर्षांनी परत मिळाले. विद्वान समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांचीही तीच गत झाली. या ड्यु बॉइस यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. अस्पृश्यांचा प्रश्नही त्या दरबारी नेण्याचा त्यांचा विचार चालू होता. ड्यु बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याने १९५२ साली त्यांना सन्माननीय पदवी दिली. देशाबाहेरील राज्यघटनाकाराचा गौरव होत असताना देशातील ड्यु बॉइस यांना बाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, ही विसंगती नोंदण्यासारखी आहे.

महाडशी अत्यंत जवळचे साम्य मात्र १९६१ च्या उन्हाळ्यात आढळते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मोटारींत उतारूंची वर्णावरून विभागणी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४६ सालीच ठरविले होते. १९६० च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने मोटारतळावरील उपाहारगृहे व विश्रांतिगृहेही त्या तत्त्वाखाली आणली. येथेही हक्क मिळालेलाच होता! दक्षिणेकडील तळांवरच्या वेगळ्या खोल्या, वेगळे नळ व त्यांवरील पाट्या जागच्या जागी होत्या. ४ मे १९६१ रोजी तेरा कृष्णवर्णीय व गोरे प्रवासी वॉशिंग्टनहून दोन मोटारींतून निघाले. त्यांना नवा कायदा मागावयाचा नव्हता. असलेल्या कायद्याप्रमाणे एका बाकावर बसावयाचे होते, इतकेच. १४ मे रोजी अलाबामातील अ‍ॅनिस्टन येथे जमावाने त्यांची एक मोटार जाळली व बाहेर पडणाऱ्यांना झोडपले. दुसऱ्या मोटारीतील प्रवाशांची बर्मिंगहॅमच्या तळावर तीच अवस्था झाली. नंतर नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी तो प्रवास पुढे चालविला आणि मिसिसिपीत शेकडोंनी तुरुंगवास पत्करला.

केनेडींना जूनच्या आरंभी व्हिएन्ना येथे ख्रुश्चेव्ह यांना भेटावयाचे होते. जळत्या मोटारीची छायाचित्रे जगभर छापली गेली होती. या प्रवाशांनी काही काळ थांबावे, असे सरकारातून सुचविले गेले. ते थांबले नाहीत. अखेर आंतरराज्य वाणिज्य आयोगाने नियम काढला व १ नोव्हेंबर १९६१ पासून त्या पाट्या उतरविण्याचा हुकूम लागू झाला. महाडला दहा वर्षे लागली, येथे सहा महिने. हा फरक का पडला? अमेरिकेतील गोरे अधिक उदार होते, हे उत्तर अ‍ॅनिस्टनच्या जमावाकडे पाहता पटण्यासारखे नाही. तेथील सत्ताधाऱ्यांना जगाची लाज बाळगणे भाग होते; १९२७ सालच्या मुंबई सरकारला महाडच्या तळ्यापायी कोणाचीच लाज बाळगण्याचे कारण नव्हते. पण मोटारीत कोणी बसलेच नसते, तर जगाला छापण्यासारखे काय सापडले असते?

१९६४ साली नागरी हक्कांचा व १९६५ साली मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. इकडे भारतीय राज्यघटनेने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली होती व १९५५ साली ती पाळणे दंडनीय ठरले होते. मार्टिन ल्युथर किंग १९५९ साली भारतात आले असता केरळातील एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बंधू अशी करून देण्यात आली. क्षणभर त्यांना ते रुचले नाही, मग ते खरे आहे असे त्यांनी स्वतःशीच कबूल केले. ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली. १९६७ च्या एप्रिलमध्ये किंग यांनी व्हिएतनाम युद्धाचा उघड निषेध केला. घरातील सुधारणेबद्दल त्यांची वाहवा करणारी कित्येक वृत्तपत्रे तेव्हा त्यांच्यावर उलटली. तराजूचे दुसरे पारडे ते हेच.

तोवर ओकलंड शहरात 'ब्लॅक पँथर' पक्ष निघून काही महिने झाले होते. कायदे झाले तरी पोलिसांची लाठी बदलली नाही, असे त्या तरुणांचे म्हणणे होते. तीच भावना, तेच नाव घेऊन, १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार प्रभृती तरुणांनी मुंबईत 'दलित पँथर'ची स्थापना केली. खेड्यांतील पाणवठ्यांवर व स्त्रियांवर होणारे अत्याचार हा त्यांच्या संतापाचा विषय होता. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला त्या वेळी पंचेचाळीस वर्षे झाली होती.

आणि १९६५ च्या त्या मतदान कायद्याचे काय झाले? पूर्वी पक्षपात केलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची अनुमती घ्यावी, हे त्यातील प्रमुख कलम होते. २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचा आधारच काढून घेतला. त्याच दिवशी, काही तासांच्या आत, टेक्सास राज्याने अडवून ठेवलेला आपला ओळखपत्राचा नियम अंमलात आणण्याचे जाहीर केले.