श्वासाचे मोजमाप
(जालना येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





२०२१ साली कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा आमच्या घरी भाईजानसाठी ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर आणले होते. रात्री भाभींनी विचारले, "हे सकाळपर्यंत पुरेल ना?" विज्ञान शिकलेले आम्ही तिघेजण घरात होतो, एकालाही उत्तर देता आले नाही. भाभींनी सारी रात्र सिलिंडरकडे पाहत काढली. पहाटे मी कागदावर हिशेब मांडला. अशा सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर वायू असतो. मिनिटाला ५ लिटर सोडला तर तो १४०० मिनिटे, म्हणजे तेवीस तासांहून थोडा अधिक पुरतो. भाईजान अल्लाहच्या कृपेने बरे झाले. परंतु ती रात्र मी विसरले नाही.

आता दुसरा प्रश्न. स्वस्थ बसलेला निरोगी माणूस मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतो? फक्त पाव लिटर! हे मोजतात कसे? हवेत ऑक्सिजन शेकडा २१ भाग असतो, तर सोडलेल्या श्वासात सुमारे १७ भाग. मिनिटाला ६ लिटर हवा आत घेतली, तर त्यातील ४ टक्के, म्हणजे २४० मिलिलिटर शरीराने ठेवून घेतले. १९११ साली डग्लस या इंग्रज शास्त्रज्ञाने सोडलेला श्वास मोठ्या पिशवीत गोळा करून हेच मोजण्याची रीत घालून दिली.

मग रोग्याला ५ लिटर कशासाठी? फुप्फुसे सुजली की रक्तापर्यंत ऑक्सिजन नीट पोहोचत नाही. म्हणून श्वासातील त्याचे प्रमाण वाढवावे लागते. त्यातील बराचसा तसाच बाहेर जातो. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर हा वापर मोजत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरला आहे, एवढेच ते सांगते. ही दोन मापे वेगळी आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

या विद्येचा पाया फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी घातला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी व लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाच्या पेटीत ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले. श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष निघाला. पुढे १७९० च्या सुमारास त्यांचे सहकारी सेगँ स्वतः प्रयोगाला बसले. श्रम करताना त्यांचा ऑक्सिजनचा वापर अडीचपटीहून अधिक झाला. आपल्या शेतात ओझे वाहणाऱ्याला धाप का लागते, याचे उत्तर यात आहे.

प्राण्यांची गोष्ट आणखी नवलाची. हत्तीला एकूण ऑक्सिजन पुष्कळ लागतो. पण वजनाच्या एका ग्रॅममागे पाहिले तर उंदीर हत्तीच्या वीसपटीहून अधिक वापरतो. १९३२ साली क्लायबर यांनी वजन आणि वापर यांतील हे नाते गणिताने मांडले.

हे सारे परदेशातच होते असे समजू नका. आपले जालना बियाण्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथेच महिको स्थापन केली. मोड येणारे बीसुद्धा श्वास घेते. परीक्षानळीत मोड आलेले मूग घ्या. वर जाळीवर सोडा-लाइम ठेवा. ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. बुचातून बारीक काचनळी आडवी काढून तिच्यात रंगीत पाण्याचा थेंब सोडा. थेंब आत सरकू लागेल. जितका सरकला तितका ऑक्सिजन खर्च झाला. शेजारी उकडलेल्या मुगाची नळी ठेवा. तिचा थेंब जागच्या जागी राहील. शिक्षकांच्या देखरेखीखाली नाकतोड्यावर हाच प्रयोग करून नंतर त्याला सोडून देता येते.

मी विद्यार्थिनी असताना हा प्रयोग केला नव्हता. मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतला, पूर्ण गुणही मिळाले. त्या गुणांचा खरा भाव मला २०२१ च्या त्या रात्री कळला.

पालकहो, शाळेत आलात की गुणपत्रिका जरूर पाहा. पण एकदा प्रयोगवहीही मागा आणि आपल्या मुलाला, मुलीला विचारा : "हे तू स्वतः मोजलेस का?"