आवळू नये असं चाक

एका स्नेह्यांच्या जुन्या, सहा सिलिंडरच्या गाडीचं इंजिन आम्ही उघडून पुन्हा बसवलं. गाडी छान चालली. पण एका ठराविक वेगाला आली की पुढून खडखड सुरू व्हायची. वेग वाढवला की गप्प. आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, बेअरिंग गेलं." बेअरिंगं उघडून पाहिली, ती ठणठणीत होती. मला धास्ती वेगळीच होती. या गाडीचा क्रँकशाफ्ट तुटला, तर दुसरा आणायचा कुठून?

मंडळी, अशाच खडखडीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या भल्याभल्यांना हैराण केलं होतं. सहा सिलिंडरचं इंजिन चारपेक्षा मऊ चालणार, हा हिशेब चुकीचा नव्हता. त्यात पिस्टनांची वर-खाली धाव एकमेकांना तोलते. पण सहा सिलिंडरांचा लांबलचक क्रँकशाफ्ट प्रत्येक स्फोटासरशी किंचित पिळतो आणि उलगडतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका झोका देत राहिलं की तो उंच चढतो ना? तसा एका वेगाला स्फोटांचा ताल या पिळाच्या तालाशी जुळतो. नेपियर गाड्या विकणाऱ्या एस. एफ. एज यांनी त्या आवाजाला 'पॉवर रॅटल' असं ऐटबाज नाव देऊन वेळ मारून नेली. रोल्स-रॉइसच्या तीस अश्वशक्तीच्या गाडीचे क्रँकशाफ्ट मात्र तुटू लागले. तिथं नावानं भागेना.

रॉइस यांनी पुढच्या, १९०६ च्या गाडीत क्रँकशाफ्ट जाड केला. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० साली निराळ्याच युक्तीचं पेटंट घेतलं. शाफ्टच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असतं, म्हणून थरथर पुढच्या टोकाला जास्त. तिथं त्यांनी एक छोटं चाक लावलं. पण घट्ट नाही, तेलातल्या चकत्यांमधून. शाफ्ट एकसारखा फिरतो तेव्हा चाक मुकाट्यानं सोबत फिरतं. शाफ्टनं हिसका दिला की चाक आपल्याच गतीनं जातं, चकत्या घसरतात आणि थरथरीची ताकद उष्णता होऊन विरते. घसरत्या चाकाचा उपाय रॉइस यांनीही केला होता. आधी कोणी, या वादात मला रस नाही.

आमच्या गाडीतही असंच घर्षणाचं चाक होतं. ते हातानं हलतंय असं पाहून मिस्त्रींनी स्प्रिंगांचे नट पार आवळून टाकले होते! मग ते चाक घसरणार कसं? ते शाफ्टचाच एक भाग झालं होतं. नट थोडे सोडायचे, गाडी फिरवून आणायची, पुन्हा सोडायचे, असे तीन रविवार गेले. शेवटी त्या वेगाला इंजिन गप्प राहिलं.

मिस्त्रींना ते अजून पटलेलं नाही. गाडी दिसली की त्यांचा हात पान्याकडे जातो.