दोन कागद



पाचच मिनिटं मिळाली आहेत, म्हणून एका जुन्या भाजीबद्दल बोलतो.

पावसाळ्यात शाळेच्या कुंपणापाशी उगवणारी 'कुत्र्याची छत्री' आपण पायाने उडवायचो. माझी आई कुडाळकडची. मानखुर्दला येऊन तिला दोनच वर्षं झाली होती. आपण सहावीत असताना तिने रुळांजवळच्या गवतातून अळंबी समजून पदरभर छत्र्या आणल्या, ओलं खोबरं घालून भाजी केली. दोन-तीन तासांत आम्ही चौघेही उलट्या-जुलाबांनी आडवे. धाकटा भाऊ तीन दिवस सलाईनवर होता.

बरा झाल्यावर त्याच गवतातली एक छत्री मी विज्ञानाच्या बाईंकडे नेली. बाई समोरच बसल्या आहेत, चुकलं तर टोकतीलच. बाईंनी दांडा कापला, छत्री पांढऱ्या कागदावर ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी कागदावर हिरवट नक्षी! ते तिचे बीजाणू. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हे नाव मी पुढे कॉलेजात ऐकलं. कोवळेपणी हिच्या छत्रीखालचे पडदे पांढरेच असतात, जून झाल्यावर हिरवट होतात. आई फसली ती तिथेच.

पुढच्या पावसात आजोळी गेलो. आईने मला रानातल्या वारुळापाशी नेऊन खरी अळंबी दाखवली. छत्रीला मधोमध टोक, दांड्याला कडं नाही. मानखुर्दच्या दांड्यावर सुटं, वरखाली सरकणारं कडं होतं. माती उकरली तर दांडा मुळासारखा लांबत थेट वारुळाच्या पोटात गेलेला. वाळवी तिथे पालापाचोळा खाऊन या बुरशीची बाग राखते. त्यामुळेच ही टर्मिटोमायसिस धिंगरीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही. मी तिचीही छत्री कागदावर ठेवली. फिकट गुलाबी छाप उठला. (हिरवा नाही म्हणून कुठलीही छत्री खाऊ नका, जीवघेण्या अमानिटांचा छाप पांढरा असतो.)

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "झिला, थंय वारूळ खंय होतां?" गावी छत्री निरखायची गरजच नव्हती, जागा ठाऊक होती.

त्यानंतर तिने अळंबी शिजवली नाही; बाजारातली पाकिटातलीसुद्धा नाही. भाऊ मुद्दाम मागायचा, तरी नाही.

बाईंनी ते कागद माझ्या वहीत चिकटवून घेतले होते. वही आज आणली आहे. हिरवा बराच उडालाय, पण चहाच्या वेळी उजेडात धरून बघा, दिसतो.