सरांचा कॉम्प्युटर आणि पाच व्होल्ट

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यातले कोणी डॉक्टर झाले, कोणी बोटीवर गेले. मी मालवणात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भाषण मला येत नाही, म्हणून कामातलीच एक गोष्ट सांगतो.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. माड, खांब, तारा सगळं आडवं. काही वाड्यांत लाईट यायला कितीतरी दिवस लागले. करोनामुळे दुकान बंद, तेव्हा माणसं बिघडलेल्या वस्तू घरीच आणून देत. एक दिवस रिक्षातून सर उतरले, मांडीवर जुना कॅबिनेट.

"बाबू, ह्यां परत चालू होतलां मां?"

निवृत्तीनंतर सरांनी शाळेच्या रजिस्टरांवरून माजी विद्यार्थ्यांची बॅचवार यादी टाइप केली होती. त्यातली काही रजिस्टरं पुढे वाळवीने खाल्ली. यादी उरली ती त्या डब्यात.

हार्डडिस्क काढून आधी कॉपी घेतली. पण फाईल उघडेना. त्या मराठी सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक लागायचं, आणि माझ्याकडच्या नव्या मशीनला तो पोर्टच नाही. म्हणजे तोच कॉम्प्युटर उठवायला हवा.

एसएमपीएस गेला होता. मी नवा ४५० वॅटचा आणला. जुना ३०० चा होता, म्हटलं दीडपट ताकद आहे, काळजी नको. बोर्डाला २० पिनांचा प्लग, नव्याला २४ चा. पण शेवटचे चार सुटे होतात, त्यामुळे बसला. मशीन चालू झालं, विंडोज अर्धं आलं आणि रिस्टार्ट. पुन्हा तेच. मीटर लावला तर पाच व्होल्टच्या लाईनवर ४.६. तिथे ४.७५ च्या खाली चालत नाही.

तेव्हा लेबल नीट वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. वॅट ही सगळ्या लाईनींची बेरीज असते. जुन्या एसएमपीएसवर पाच व्होल्टला ३० अँपिअर, म्हणजे १५० वॅट. नव्यावर त्याच लाईनला १४, म्हणजे फक्त ७०; बाकी सगळी ताकद बारा व्होल्टवर. कारण पेंटियम ४ आल्यापासून, म्हणजे २००० च्या सुमारास, प्रोसेसरसाठी बारा व्होल्टचा वेगळा चार पिनांचा प्लग आला आणि पुढचे सप्लाय त्याच हिशेबाने बनत गेले. सरांच्या मशीनमध्ये ॲथलॉन एक्सपी. बोर्डावर तो चार पिनांचा प्लगच नाही. साठ-सत्तर वॅटचा प्रोसेसर, वर रॅम आणि हार्डडिस्कचा भाग, सगळे त्या पाच व्होल्टवरच जेवायला बसलेले!

(शिकाऊ असताना मी याहून मोठा घोळ केलाय. त्याहून जुन्या एटी सप्लायचे दोन प्लग उलटे लावून एकाचा बोर्ड जाळला. काळ्या वायरी मधे, शेजारी-शेजारी याव्या लागतात. तेव्हापासून लावण्याआधी दोनदा बघतो.)

मग शोध भंगारात. कुडाळात एका ओळखीच्याकडे त्या काळातला ३०० वॅटचा मिळाला, पाच व्होल्टला ३० अँपिअरवाला. आत खाऱ्या हवेचा हिरवा गंज, तीन कपॅसिटर फुगलेले. ते बदलले, साफ केला. हिरवी वायर काळीला जोडली की सप्लाय बोर्डाशिवाय चालू होतो, पण रिकामा चालवून व्होल्टेज बघण्यात अर्थ नसतो. म्हणून गाडीच्या हेडलाईटचे बल्ब लोड म्हणून लावले आणि तासभर जळत ठेवले. पाच व्होल्ट हलला नाही. मगच सरांच्या बोर्डाला हात लावला.

त्या संध्याकाळी यादी उघडली. सर खुर्ची ओढून बसले आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. बाहेर पाऊस. माझी आई चहा ठेवून गेली, तो गार झाला.

ती यादी नंतर आजच्या फॉन्टमध्ये आणली. तीच आपल्या स्मरणिकेत छापली आहे. सरांनी स्वतः तपासली. तरी फॉन्ट बदलताना अनुस्वार हरवतात, जोडाक्षरं तुटतात. कोणाचं नाव चुकलं असेल तर मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलाजवळ मला गाठा, मी वही घेऊन आलोय.