दुःखाचा ताण शरीरातून कसा उतरवावा?

(नागपूर येथील नंदनवन भागात झालेल्या महिला शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवते. त्यामुळे माझ्याकडून बियाणे, खत आणि आंतरमशागत यांवर काही ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असणार. आजचा विषय वेगळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. कपाशीच्या प्रात्यक्षिकासाठी एका गावी गेले असताना बैठक संपल्यावर एक बाई मागे थांबली. तिचा मालक जाऊन वर्ष झाले होते. ती म्हणाली, "मॅडम, मले खताचं नाही पुसाचं. छातीवर जातं ठेवल्यावानी वाटते, रातभर डोया लागत नाही. दवाखान्यात म्हणतात काई नाही. मंग हे काय हाय?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर या विषयाचे वाचन केले, जाणकारांना विचारले. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवते.

दुःख शरीरात कसे उतरते?

नागपुरी संत्र्याचा बहार धरताना आपण पाणी तोडून झाडाला ताण देतो. ताण मोजका असेल तर झाड फुलते. मर्यादेबाहेर गेला तर पाने गळतात आणि फांद्या वाळतात. माणसाचेही असेच आहे. मोठा आघात झाला की शरीर धोक्याच्या तयारीत राहते. ताणाची संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, खांदे व जबडा आवळला जातो, भूक आणि झोप उडते. काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे. परंतु घरात कर्ज, अंगावर लेकरे आणि उद्याची चिंता असली की ही तयारी महिनोन्‌महिने उतरत नाही. मग डोके, पाठ, पोट दुखत राहते. तपासणीत दोष सापडला नाही तरी दुखणे खोटे नसते.

आपल्या रूढी या ताणात भर घालतात. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे सारे घाव बाईच्या शरीरावरच होतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. आपल्या गावात असा ठराव झाला आहे काय, हे ग्रामसभेत जरूर विचारावे.

शेतात राबतो, ते पुरेसे नाही काय?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. कापूस वेचताना बाई ओटी बांधून तासन्‌तास वाकलेली असते. निंदणात एकाच अंगावर भार येतो. हे कष्ट आहेत, विसावा नव्हे. कष्टाने शरीर थकते, पण आवळलेला स्नायू सैल होतोच असे नाही. त्यासाठी दिवसातून थोडा वेळ शरीराकडे लक्ष देऊन, घाई न करता घालवावा लागतो.

घरी करता येण्याजोगे उपाय

१) लांब उच्छ्वास : भिंतीला पाठ टेकून बसावे. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा आकडे मोजत सावकाश सोडावा. श्वास रोखून धरू नये. सकाळी व झोपण्यापूर्वी पाच-पाच मिनिटे करावे. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात व शरीराला विसाव्याचा इशारा मिळतो.

२) आवळणे आणि सोडणे : मुठी पाच आकडे आवळाव्यात, मग एकदम सैल सोडून दहा-पंधरा आकडे तसेच राहावे. याच रीतीने खांदे, चेहरा, पोट, मांड्या व पोटऱ्या घ्याव्यात. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत मांडली. दुखरा भाग मात्र आवळू नये.

३) काशाची वाटी : रात्री तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने हलके घासावे. सासू, जाऊ, लेक यांपैकी कोणी केले तर अधिक बरे. नवरा गेल्यावर बाईला मायेचा स्पर्शच उरत नाही, ही उणीव त्याने थोडी भरते. तिची इच्छा विचारूनच हे करावे.

४) सोबतीने चालणे : सकाळच्या उन्हात शेजारणीबरोबर वीस-तीस मिनिटे चालावे. डोक्यावर ओझे नको, हातात विळा नको.

हे सर्व हळूहळू वाढवावे. ताण सोडताना आपण संत्र्याला पहिले पाणी हलकेच देतो, तसेच येथेही करावे. डोळे मिटल्यावर भयंकर प्रसंग समोर येत असेल तर डोळे उघडे ठेवून पाय जमिनीवर टेकवावेत आणि आजूबाजूच्या वस्तू पाहाव्यात. मध्येच रडू आले तर येऊ द्यावे. चक्कर आल्यास थांबावे.

गटाचा आधार

पूर्वी जात्यावर दोघी समोरासमोर बसत. खुंटा दोघींच्या हातात, फेऱ्याच्या तालावर श्वास आणि ओवीत माहेरची, मेलेल्या माणसाची आठवण. मनातले बोलायला ती हक्काची जागा होती. गिरणी आली, कष्ट वाचले हे चांगलेच झाले. पण ती जागा गेली. बचत गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास काढून ती पुन्हा उभी करता येईल. फुगडी, झिम्मा, टाळ धरून भजन, जे जमेल ते करावे आणि त्यात विधवा भगिनीला आवर्जून ओढावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना विदर्भात गावोगाव होते. तेथेही तिला पुढे बसवावे. योगासने शिकायची असल्यास नागपूरच्या रामनगरमधील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ हे काम अनेक वर्षांपासून करीत आहे.

याचा गुण येतो काय?

अमेरिकेत जुन्या आघाताचा त्रास औषधोपचारानेही न गेलेल्या ६४ स्त्रियांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग करणाऱ्या गटातील ५२ टक्के स्त्रिया त्या आजाराच्या निकषाबाहेर आल्या. नुसती आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. म्हणजे गुण येतो, पण सर्वांना नाही. म्हणून याला उपचाराची जोड हवी.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवण्यात आला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ऐकून घेतले, गरजूंना डॉक्टरांपर्यंत नेले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मदत दाराशी आली तर आपली माणसे ती घेतात, हे त्यावरून दिसते.

हे विसरू नये

* झोप व जेवण सुटले, कामात लक्ष लागेना, जगणे नकोसे वाटते असे बोलणे सुरू झाले तर तिला एकटे सोडू नये. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. 'टेली-मानस' या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.
* फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. किल्ली एका जबाबदार माणसाकडे असावी.
* छातीत दुखणे, धाप लागणे हे दुःखामुळेच, असे गृहीत धरू नये. आधी तपासणी करावी.
* अंगारे-धुपारे व बुवाबाजी यांच्या मागे लागू नये. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

शेवटी बांधवांना एक सांगणे आहे. बाईचा श्वास मोकळा व्हावा असे वाटत असेल तर सातबारावर तिचे नाव लवकर लागले पाहिजे. विधवा पत्नी ही कायद्याने पहिल्या वर्गाची वारस आहे. सावकार दारात आणि दीर बांधावर उभा असेल तर नुसत्या श्वासाच्या व्यायामाने झोप कशी येणार? वारसनोंदीच्या अर्जासाठी तिच्याबरोबर कचेरीत जाणे, हाही उपचारच आहे.

त्या बाईला मी पुढच्या भेटीत हे सारे सांगितले. तिने भिंतीला पाठ टेकून पाच मिनिटे श्वास मोजला आणि म्हणाली, "जातं उतरलं नाही, पण थोडं सरकलं." एवढी सुरुवात आपल्या गावातील प्रत्येक अशा भगिनीला मिळावी, ही विनंती करून मी थांबते.