चेन तुटायच्या आधी

मागच्या वेळी म्हणालो होतो, पुढचा एपिसोड हरिहरेश्वरच्या राइडवर. तर राइड झाली, हरिहरेश्वर नाही झालं. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन असा रूट होता. गाडी माणगावच्या पुढे गेलीच नाही.

सोबत माझा रूममेट. सेकंड इयरपासून आमचा हा प्लॅन, आणि दरवर्षी कुणाची तरी परीक्षा नाहीतर कुणाचं तरी रिलीज आडवं यायचं. आता बुधवारी त्याची म्युनिकची फ्लाइट होती. त्याने त्याची गाडी विकून टाकलेली, म्हणून शनिवारी पहाटे दोघंही माझ्या दीडशे सीसीवर. ओहोटीच्या वेळी तिथली समुद्राकडची प्रदक्षिणा करायची, एवढंच ठरवलं होतं.

आता खरं सांगतो. दोन आठवडे गाडीतून आवाज येत होता. पिकअप घेताना कट्-कट्. तो म्हणालाही, "चेन बघून घे रे." मी म्हटलं, बघतो. आमच्या कामात ही एक वाईट खोड लागते. वॉर्निंग आली की पुढे जायचं, एरर आली की मग थांबायचं. चालतंय ना? मग झालं.

मुळशीच्या पाण्याकडेने मस्त गेलो. ताम्हिणी गाव मागे पडलं, उतार लागला. सेकंड गिअरमध्ये होतो. एकदम खाली खाड् करून आवाज आला आणि गाडी सुटली. म्हणजे गिअर पडलेला, इंजिन चालू, पण चाकाशी त्याचा काही संबंधच नाही. उतारावर आपण अर्धं काम इंजिनवर सोडलेलं असतं, हे तेव्हा कळतं. नशीब, ब्रेक शाबूत होते. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत डोंगराच्या बाजूला घेतली.

चेन मागे रस्त्यात पडली होती. हे आमचं खरं नशीब. तीच चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली असती तर मागचं चाक जाम होऊ शकतं, इंजिनची केससुद्धा फुटते. मागे बसलेला माणूस चार दिवसांनी विमानात बसणार होता. मी तेव्हा काही बोललो नाही. तोही नाही. तो मागे चालत गेला आणि चेन रुमालात धरून घेऊन आला.

मोबाइलला रेंज नाही. उतार होता तोवर गाडी न्यूट्रलवर सोडली, मग विळ्यापर्यंत ढकलली. तिथून एका पिकअपवाल्याने माणगावला गॅरेजपाशी सोडलं.

मिस्त्रींनी चेनकव्हर काढलं आणि मला खाली बसवून दाखवलं. मागच्या स्प्रॉकेटचे दात हुकासारखे एका बाजूला वाकलेले. उरलेली चेन त्यावर बसवून मागे ओढली तर अर्धा दात उघडा दिसत होता. म्हणाले, "ही आज नाही तुटली. तुम्हाला आज कळलं." नवीन लॉक टाकून दिलं असतं, पण या दातांवर घाट चढणार नाही म्हणाले. आमच्या मॉडेलचं पूर्ण चेन किट सोमवारी येणार होतं. लॉकबद्दलही सांगितलं: क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवी, उलटी बसवली तर निघून पडू शकते. आठ वर्षं गाडी चालवतोय, मला माहीत नव्हतं.

मग ते म्हणाले, "गाडी राहू द्या इथे. एसटीने श्रीवर्धनला जा, उद्या या."

तेवढ्यात पुण्याला रिकामा जाणारा एक टेम्पो उभा होता. मला वाटलं, गाडी इथे अडकली तर सोमवारी ऑफिस, परत येणं, सगळा घोळ. रूममेट माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "टेम्पो बघू या का?" तो म्हणाला, "बघ, तुझी गाडी आहे."

गाडी दोरीने बांधली. ताम्हिणी परत चढताना दोघंही गप्प. स्टँडवर श्रीवर्धनची एसटी लागलेली असणार, हे दोघांच्याही डोक्यात होतं. निदान माझ्या तरी.

आता माझ्याकडे नवीन किट आहे, टूलकिटमध्ये एक्स्ट्रा लॉक आहे, दर 500 किलोमीटरला चेनला ल्यूब मारतो. चेनचा ढिलेपणा बोटाने वर-खाली करून बघतो. तुम्हीही आज खाली जाऊन बघा, दोन मिनिटं लागतात.

त्याने परवा म्युनिकहून फोटो पाठवला. सेकंडहँड सायकल घेतलीय. खाली लिहिलं होतं: "चेन बघून घेतली."